सहलीत अवचित पावसाने गाठलं तेव्हा: अनुभव सांगा

सकाळी निघालो तेव्हा आभाळ निरभ्र होतं. अंदाजही पाहिला होता, कोरडाच होता. दुपारी डोंगराच्या धारेवर असताना वारा एकदम गार झाला आणि पाच-दहा मिनिटांत आम्ही सहाही जण चिंब. भिजण्याचं कुणालाच काही वाटलं नाही, उलट सगळे खुशीत होते. अर्ध्या तासाने मावसबहीण मागे पडायला लागली. जवळ जाऊन पाहिलं तर तिला जॅकेटची चेन लावता येत नव्हती. बोटं चेनवरून नुसती घसरत होती. 'काय झालं गं?' विचारलं, तर जीभ जड झाल्यासारखी बोलली.

तिच्या अंगात सुती टीशर्ट आणि जीन्स होती. सुती कापड पाणी धरून ठेवतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरलं की जिवावर बेतू शकतं. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, ओले कपडे आणि वारा पुरतो. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी एवढंच सुचलं की तिला खडकाच्या आडोशाला न्यावं, ओले कपडे काढावेत आणि कोरडं काहीतरी घालावं. सहा जणांत मिळून कोरडा असा एकच स्वेटर निघाला. घाबरून मी तिचे हातपाय चोळत होते. तसं करायचं नसतं, आधी छाती-पोट उबेत आणायचं असतं, हेही नंतरच कळलं. ती नीट बोलायला लागेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर जरूर लिहा. काय चुकलं, तेही लिहा.

* * *

माझा अनुभव ओढ्याचा. जाताना घोट्याएवढं पाणी होतं. आमच्या डोक्यावर पाऊस असा नव्हताच, लांब वरच्या अंगाला काळं दिसत होतं. परतताना पाणी गुडघ्याला लागलं, पण त्याआधी माझ्या लक्षात आला तो रंग. सकाळी तळातले गोटे दिसत होते, आता पाणी गढूळ होतं आणि त्यातून काटक्या, पाचोळा वाहत येत होता. आवाजही बदलला होता, खालून दगड गडगडल्यासारखा. दोघे जण म्हणत होते, हात धरून पटकन जाऊ. मी अडून बसलो. वाहत्या पाण्याला जोर असेल तर वीतभर खोलीतही मोठ्या माणसाचे पाय निघतात. साडेतीन तास काठावर काढले, अंधार झाला, शिव्याही खाल्ल्या. मग पाणी जसं चढलं तसंच उतरलं. आजही मी तेच करेन.

* * *

थोडक्यात सांगते. सॅकच्या वरच्या कव्हरवर विसंबू नका. पाठीकडून पाणी शिरतंच, वाऱ्याने कव्हर उडूनही जातं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. रात्रीचे मोजे वेगळ्या पिशवीत, आणि ते चालताना घालायचेच नाहीत. सकाळी पुन्हा ओले मोजे चढवणं फार जिवावर येतं, पण रात्री पाय कोरडे मिळतात.

* * *

तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक चारी बाजूंनी वीतभर बाहेर ठेवलं होतं, मला वाटलं तेवढंच संरक्षण. बाहेरच्या भागावर पडलेलं सगळं पाणी ओघळून तंबूच्या तळाखाली आलं. रात्री दोन वाजता मुलगा म्हणाला, "बाबा, गादी हलतेय." हात लावला तर जमीन डुचमळत होती. तेव्हापासून कडा आत दुमडून घेतो, आणि कितीही सपाट दिसली तरी खोलगट जागा घेत नाही.

* * *

विजेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शाळेतली मुलं बरोबर होती, मोकळं माळरान, मधोमध एकच मोठं झाड. पाऊस आला की पाय आपसूक झाडाकडेच वळतात. मुलं धावलीही. ओरडून परत बोलावलं आणि बसमध्ये बसवलं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे, म्हणजे साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळतं. मुलांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली: अठरा, मग बारा, मग सात. सातला सगळी गप्प झाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणालाही खाली उतरू दिलं नाही, ऊन पडलं होतं तरी.

* * *

धागा मीच काढला होता, म्हणून एक सांगायचं राहिलं ते लिहिते. मावसबहीण गेल्या महिन्यात पुन्हा आली. लोकरीचा स्वेटर, टोपी, मोजे असं सगळं दोन पिशव्यांत गुंडाळून सॅकच्या तळाशी. पाऊस आलाच नाही. घरी परतल्यावर तिने ती पिशवी न उघडता तशीच पुढच्या खेपेसाठी कपाटात ठेवली.