परग्रहावरच्यांशी पहिली भेट: कुठला सिनेमा तुम्हाला भिडला?

लढाया आणि शहरांची राखरांगोळी बाजूला ठेवूया. परग्रहावरचं कुणीतरी समोर उभं आहे, आता याच्याशी बोलायचं कसं, या प्रश्नापाशी जे सिनेमे थांबतात त्यांच्यासाठी हा धागा. नुसती यादी नको, तुमचा अनुभव लिहा.

सुरुवात मी करते. माझा मुलगा बोलत नाही. तो लहान असताना 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) पाहिला. माणसं सिंथेसायझरवर पाच सूर वाजवतात, यान उत्तर देतं, मग दोन्हीकडून वेग वाढत जातो. कोण काय म्हणतंय हे कुणालाच उमगत नाही, तरी वाजवणं थांबत नाही. आमच्या घरी तेव्हा हेच चालायचं. तो एक सूर धरून गुणगुणायचा, मी तोच परत गुणगुणायचे. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि पुढचा सूर काढायचा. शेवटी शास्त्रज्ञाच्या भूमिकेतला फ्रान्स्वा त्रुफो हाताने खुणा करतो आणि समोरचा जीव त्या तशाच्या तशा करून हसतो, तिथे मला पुढचं काही दिसेना. त्या खुणा संगीत शिकवायच्या कोदाय पद्धतीतल्या आहेत हे नंतर समजलं. आम्ही त्या घरी सुरू केल्या, अजून चालू आहेत.

*

हे वाचून 'अरायव्हल'मधली (२०१६) एमी अ‍ॅडम्स आठवली. काचेपलीकडच्या परग्रहवासीयांना आपण दिसावं म्हणून ती संरक्षक पोशाख उतरवते आणि काचेवर तळवा टेकवते. मी कर्णबधिर मुलांना शिकवते. मास्कच्या दिवसांत आम्हालाही तो काढावाच लागायचा, मुलांना ओठ दिसावेत म्हणून.

*

'काँटॅक्ट' (१९९७). जोडी फॉस्टर गाडीवर पडून हेडफोनने रेडिओ दुर्बिणीचे संकेत ऐकतेय आणि ठोके येतात: दोन, तीन, पाच, सात. मूळ संख्या! प्रत्यक्षात न्यू मेक्सिकोतल्या त्या दुर्बिणीच्या २७ अँटेनांचा डेटा संगणक चाळतात, कान नव्हे. हे मला ठाऊक आहे, कारण मी अशाच डेटावर काम करतो. संदेश येतो तो वेगा ताऱ्याकडून, सुमारे २५ प्रकाशवर्षांवरून. म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर यात पन्नास वर्षं. गोंगाटात काही नियमित दिसलं की बहुतेक वेळा तो एखादा उपग्रह निघतो. तरी तपासण्याआधीचा तो क्षण मला अजून हवासा वाटतो.

*

पत्नी गेल्यावर तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' (१९७२) पाहिला. ग्रहावरचा समुद्र नायक क्रिसकडे त्याची मृत बायको पाठवतो. का, ते कळत नाही. तिचा पोशाख उघडतच नाही, कात्रीने कापावा लागतो. आठवणीत कपडा असतो, तो उघडतो कसा हे नसतं. माझ्या कानात तिचं हसणं आहे, ती कशावर हसत होती ते नाही. एवढंच लिहितो.

*

'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) इथे चालेल ना? यान जोहान्सबर्गवर अडकतं, आत उपाशी, आजारी जीव. त्यांची छावणी होते, मग झोपडपट्टी, मग हुसकावणं. अधिकारी कागद घेऊन दारोदार सह्या गोळा करतो. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून वर्णद्वेषी राजवटीने ६०,००० हून जास्त माणसं हलवली, त्याची सावली इथे सरळ पडलीय. माझं बालपण विस्थापितांच्या वसाहतीत गेलं, तो कागद मी पाहिलाय. पहिल्या भेटीचं नवल ओसरल्यावर पाहुण्यांचं काय होतं, हे दाखवणारा आणखी सिनेमा माहीत असेल तर नक्की सुचवा.