डिझेल हीटर बॅटरीवर टिकत नाही, चार्जर लावलेला असूनही बंद पडतो. मदत हवी आहे

पांझराकाठ
राम राम मंडळी. शेडमध्ये डिझेल हीटर बसवलाय, बॅटरी आणि चार्जर जोडलाय. लाईट असली की रात्रभर चालतो, लाईट गेली की बंद पडतो. बॅटरी चार महिन्यांचीच आहे. दुकानदार म्हणतो, अजून एक बॅटरी जोडा. परवा कोंबडीची 500 पिल्लं येणार आहेत आणि साक्रीकडचा पहाटेचा गारठा तुम्हाला माहीत आहे. दुसरी बॅटरी कितीची घेऊ तेवढंच सांगा, लवकर.

वायरमन_शहादा
भाऊ, यावरून काहीच कळत नाही. हीटर 12 व्होल्टचा की 24 चा? बॅटरी कसली, किती एएचची, म्हणजे किती अँपिअर-तासांची? चार्जर किती अँपिअरचा? बॅटरीपासून हीटरपर्यंत वायर किती लांब आणि किती एमएमची? लाईट गेल्यावर लगेच बंद पडतो की थोड्या वेळानं? बंद पडताना स्क्रीनवर व्होल्टेज किती दिसतो? एवढं सांगा, मग बॅटरीचं बोलू.

नवापूर_ब्रॉयलर
हीटरचा नादच सोडा. 500 पिल्लांना एक बुखारी पुरते. लाकूड किंवा कोळसा घाला, धुराडं पत्र्याच्या वर काढा, पिल्लांभोवती चिक गार्डचा, म्हणजे ठेंगण्या कुंपणाचा, गोल लावा. लाईट असो नसो, फरक पडत नाही.

पांझराकाठ
12 व्होल्टचा आहे, 5 किलोवॅटवाला. बॅटरी ट्रॅक्टरची, 88 एएच. चार्जर गॅरेजमध्ये असतो तो, लोखंडी डब्याचा. बुखारी नको दादा, रात्री दोनदा उठून लाकूड घालायला माणूस नाही. दुसरी बॅटरी 88 चीच घेऊ की 150 ची?

भुसावळ_सर्किट
बॅटरी काढूनच टाका. 12 व्होल्ट 30 अँपिअरचा एसएमपीएस घ्या, म्हणजे 230 चं 12 व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय, एलईडी बोर्डला लावतात तो. आतला स्क्रू फिरवून 13.2 वर सेट करा आणि थेट हीटरला द्या. व्होल्टेज पक्का मिळतो, पाणी भरायची कटकट नाही.

वायरमन_शहादा
सर्किट भाऊ, माफ करा, पण हा सल्ला शेडसाठी धोक्याचा आहे. हीटर बटणावरून बंद केला तर तो लगेच थांबत नाही. पंप थांबतो, ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) थोडा वेळ लागून आत उरलेलं डिझेल जाळतो, मग पंखा तीन ते पाच मिनिटं फिरून भट्टी थंड करतो. वीज एकदम तुटली की पंखा तिथेच थांबतो. लालबुंद भट्टीची सगळी उष्णता शेजारच्या सेन्सरवर, पंख्याच्या प्लॅस्टिकवर आणि बोर्डवर चढते. एकदोनदा निभावतं, पण खेड्यातल्या फीडरवर रात्रीतून चार वेळा लाईट गेली तर महिन्यात बोर्ड जातो. बॅटरी मध्ये हवीच. रोजचा हीटर चार्जर चालवतो, बॅटरी असते ती त्याला नीट थांबता यावं म्हणून.

भुसावळ_सर्किट
मग एसएमपीएस 13.6 वर ठेवून बॅटरीला समांतर जोडावा. फ्लोटचंच, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेली ठेवायचं, काम झालं.

वायरमन_शहादा
बॅटरी भरलेली असेल तोवर ठीक. रिकामी असली तर ती झेपेल तेवढा करंट ओढते आणि साधा एसएमपीएस ओव्हरलोड होऊन चालू-बंद व्हायला लागतो. लाईट गेली की बॅटरीतून उलटा करंटही त्यात शिरतो, म्हणून मध्ये डायोड लागतो आणि त्यात अर्धा ते पाऊण व्होल्ट जातो. त्यापेक्षा टप्प्याटप्प्यानं भरणारा ऑटो चार्जर बरा.

चाळीसगाव_सोलर
ट्रॅक्टरची बॅटरी या कामाची नाहीच. तिच्या प्लेटा पातळ असतात, सेल्फ मारण्यापुरता मोठा करंट दोन सेकंद द्यायला बनवलेल्या. रोज अर्ध्याखाली उतरवली तर दोन हिवाळेही काढणार नाही. लिथियम फॉस्फेटची 100 एएच घ्या. व्होल्टेज शेवटपर्यंत 13 च्या आसपास राहतो, 80 टक्के वापरता येते. वर 200 वॅटचं पॅनल टाका.

वायरमन_शहादा
बॅटरीच्या जातीचं बरोबर बोललात. पण त्यांच्याकडे गॅरेजचा चार्जर आहे. तो लिथियमला लावायचा नाही, तिला 14.2 ते 14.6 वर थांबणारा तिचाच चार्जर लागतो. आणि परवा पिल्लं येणार आहेत, आज पॅनलचा विषय नको. रोज बॅटरीवरच चालवायचं असेल तर इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी, खोल उतरवली तरी टिकणारी, घ्या, अधूनमधून चालवायचं असेल तर आहे ती चालेल. पांझराकाठ, वायरचं अजून सांगितलं नाहीत.

पांझराकाठ
बॅटरी घराच्या ओसरीत आहे, चोरीच्या भीतीनं. शेड समोरच आहे, 11 मीटर वायर लागली. घरातल्या प्लगला वापरतात ती दीड एमएमची. लाईट गेल्यावर लगेच बंद पडत नाही, अर्धा-पाऊण तास चालतो. ऑटोवर ठेवलाय. गरम झालं की थांबतो, गार झालं की परत लागतो, आणि तिथेच अडकतो. स्क्रीनवर तेव्हा साडेनऊच्या खाली दिसतं. म्हणूनच म्हणतोय बॅटरी कमी पडते.

वायरमन_शहादा
सापडलं भाऊ. बॅटरी चांगली आहे, दुसरी घेऊ नका.

हीटर एकदा पेटला की मधल्या तापावर दोनेक अँपिअरच घेतो. पण पेटताना ग्लो प्लग दोन-चार मिनिटं 10 अँपिअरच्या घरात ओढतो. दीड एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण 12 मिलिओहम. जायची 11 आणि यायची 11 अशी 22 मीटर वायर, म्हणजे 0.26 ओहम. 2 अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, हीटरला पत्ताही लागत नाही. 10 अँपिअरला 2.6 व्होल्ट जातात. चार्जर चालू असताना बॅटरीवर 14 असतात, त्यातून 2.6 गेले तरी 11.4 पोचतात आणि हीटर पेटतो. लाईट गेली की बॅटरीवर लोडमध्ये 12 उरतात, हीटरपाशी 9.4 पोचतात. 10.5 च्या खाली गेलं की तो स्वतःहून थांबतो. म्हणून लाईट गेल्यावर चालत राहतो आणि ऑटोनं विझून परत पेटायला गेला की अडकतो. दुसरी बॅटरी त्याच वायरीवर जोडली असती तरी हेच झालं असतं. शिवाय जुनी-नवी समांतर जोडली की जुनी नवीला ओढत बसते.

आता काय करायचं. 12 व्होल्टची बाजू आखूड आणि 230 ची लांब, एवढं लक्षात ठेवा. बॅटरी शेडच्या बाहेरच्या भिंतीला, हीटरपासून 2 मीटरच्या आत आणा, कुलपाच्या लोखंडी पेटीत. पेटीला वर आणि खाली भोकं पाडा, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. म्हणूनच ती शेडमध्ये किंवा हीटरच्या डब्यात ठेवायची नाही. ओसरीतून पेटीपर्यंत 230 ची वायर न्या. 10 अँपिअरच्या चार्जरला तिकडे एक अँपिअरसुद्धा लागत नाही, तुमची तीच दीड एमएम पाईपात घालून चालेल. शेड धुता, तेव्हा त्या लाईनला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच. बॅटरी ते हीटर 6 एमएमची तांब्याची वायर टाका. पीळ मारून टेप गुंडाळू नका, लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, दाबून बसवा. पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणून तो हीटरपाशी लावून उपयोग नाही.

आणि हीटर कधीही वायर काढून बंद करायचा नाही.

पांझराकाठ
खरंच असं असेल तर दुकानदाराकडे जायचं वाचलं. पण रात्री 6 तास लाईट गेली तर 88 पुरेल का?

वायरमन_शहादा
6 तासांचे 12 एएच. चार-पाच वेळा विझला-पेटला तर दर वेळचा साधारण 1 एएच. सगळे मिळून 16-17. सहज पुरते. ऑटो काढून खालच्या गिअरवर सलग चालवला तर तेही वाचतं, फक्त महिन्यातून दोनचार वेळा अर्धा तास फुलवर चालवा, नाहीतर भट्टीत काजळी धरते.

तापी_पूर्णा
सगळे व्होल्टात अडकलात, सायलेन्सर कुठे काढलाय ते कोणीच विचारलं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. शेडमध्ये माणूस झोपत असेल तर आधी हे बघा. धुराचा पाईप भिंतीबाहेर हवा. बाहेरच्या दिशेनं थोडा उतार द्या म्हणजे आतलं पाणी साचणार नाही. दोन्ही टोकांचे क्लॅम्प घट्ट आहेत का बघा. पाईप भिंतीतून जातो तिथे काचलोकर गुंडाळा, तुसाच्या थरापासून आणि ताडपत्रीपासून लांब ठेवा. ज्वलनाची हवा ओढणारा पाईपही बाहेरच, पण धुराच्या तोंडापासून दूर. पिसांची आणि तुसाची धूळ त्या जाळीत बसली की हवा कमी पडते, काळा धूर येतो. दर आठवड्याला फुंकून साफ करा. माणूस झोपत असेल तर सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा, अलार्म लावा.

नवापूर_ब्रॉयलर
हे बुखारीलाही लागू आहे, धुराडं गळलं की तेच होतं. हीटरच ठेवणार असाल तर गरम हवेचा झोत थेट पिल्लांवर सोडू नका, पिल्लं सुकतात. पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच शेड तापवून ठेवा. पहिला आठवडा पिल्लांच्या उंचीला 32 ते 34 डिग्री, मग दर आठवड्याला 2-3 नं कमी. थर्मामीटर खांबावर वर टांगून काही कळत नाही, पिल्लं बघा. गोळा होऊन चिवचिवत असतील तर गार आहे. पंख पसरून कडेला पळत असतील तर जास्त झालंय.

केळीबाग_रावेर
हा हीटर केळीच्या रोपवाटिकेत चालेल का? डिसेंबरात रोपांची वाढ थांबते.

चाळीसगाव_सोलर
शेडनेट चारी बाजूंनी बंद असेल तरच. उघड्या बागेत उष्णता वर निघून जाते, तिथे पहाटे पाणी देणं आणि बांधावर धूर करणं हेच. वेगळा धागा काढा, इथे यांचं काम राहून जाईल.

पांझराकाठ
बॅटरी आज हलवली. 6 एमएम वायर पावणेदोन मीटर लागली. चार्जर बंद करून हीटर लावला, पेटताना स्क्रीनवर 11.9 दिसलं आणि पहिल्याच झटक्यात लागला. तीनदा करून बघितलं. धुराचा पाईप बाहेरच होता, पण आतला क्लॅम्प ढिला निघाला, बोटानं पाईप फिरत होता. आवळला. एक शंका आहे. चार्जर रात्रभर लावला की बॅटरीवर मीटर 15.4 दाखवतो आणि झाकणातून बुडबुडे येतात. चालेल ना?

वायरमन_शहादा
नाही चालणार. तो जुन्या ट्रान्सफॉर्मरचा चार्जर आहे, भरल्यावर थांबतच नाही. 14.4 च्या वर पाणी उकळतं, प्लेटा उघड्या पडतात, पेटीत गॅस साचतो. बॅटरी काढून हीटर थेट त्यावर तर कधीच लावू नका, मोकळा असताना त्याचा व्होल्टेज 16 च्या वर उसळतो आणि बोर्ड जातो. 10 अँपिअरचा ऑटो चार्जर घ्या, 14.4 पर्यंत भरून 13.6 वर फ्लोटला येणारा. घेताना इनपुटची रेंज वाचा. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर 160 पासून चालणारा बघा, नाहीतर दिवा लागलेला दिसेल आणि बॅटरी भरणार नाही. तो येईपर्यंत जुना चार्जर दिवसा, समोर बसून, 14.4 झालं की काढायचा. लावताना आणि काढताना आधी 230 चं बटण बंद, मगच चिमटे. आजच सेलमधलं पाणी बघा, प्लेटांच्या वर बोटभर हवं. कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड नाही.

पांझराकाठ
दोन सेलमध्ये प्लेटा दिसतायत. पाणी आणायला निघालो.