शब्दचर्चा: वास्तववादी कादंबरीतली 'वास्तववादी नसलेली' बाई

अडलेला_हरी: फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवरचा एक लेख मराठीत करतोय, एका वाक्यावर तीन दिवस गाडी अडलीय. त्याच्या 'मादाम बोव्हारी' या रियलिस्ट कादंबरीची नायिका मात्र अजिबात रियलिस्टिक नाही, असं म्हणायचंय. मी लिहिलं 'या वास्तववादी कादंबरीची नायिका वास्तववादी नाही'. बायको म्हणाली, म्हणजे ती खोटी वाटते का? अहो उलट, एमा बोव्हारी अगदी खरी वाटते, तिला फक्त डोक्यावरचं कर्ज दिसत नाही, वाचलेल्या गोष्टींतलं प्रेम तेवढं दिसतं. दोन वेगळे शब्द सुचवा.

गवतीचहा: दुसऱ्या ठिकाणी 'व्यवहारी' टाका, संपला विषय.

कृष्णाकाठ: कसला संपला? आमच्याकडे 'लई व्यवहारी हाय' म्हणजे पैशाला चिकट. आणि 'पाय जमिनीवर नाहीत' लिहाल तर बाईला गर्व चढलाय असं वाटेल.

ऱ्हस्वदीर्घ: मुळात घोळ पेपरवाल्यांनी घातलाय. 'सरकारने वास्तववादी भूमिका घ्यावी' म्हणे! वाद म्हणजे मत, पंथ. तो शब्द साहित्याला राहू द्या, माणसाला वास्तवाचं भान असतं किंवा नसतं.

गवतीचहा: आता सगळेच तसं बोलतात, तुम्ही एकटे थांबवणार का?

ऱ्हस्वदीर्घ: एकटा तर एकटा.

नागपुरी_संत्रं: चळवळीला यथार्थवाद म्हणा ना, दोन शब्द आपोआप वेगळे झाले.

ऱ्हस्वदीर्घ: ते हिंदी झालं.

नागपुरी_संत्रं: वामन पंडितांनी गीतेवर 'यथार्थदीपिका' लिहिली ती हिंदीत का?

माजघर: आमचे आजोबा सांगायचे वास्तव हे वास्तूवरून, आपण राहतो ते घर तेवढं खरं, बाकी माया. म्हणून हा शब्द सोडू नये असं मला वाटतं.

ऱ्हस्वदीर्घ: आजोबांना नमस्कार, पण ते वस्तूवरून. वस्तु, वास्तव.

पोटमाळा: गंमत म्हणजे खुद्द फ्लोबेरला हे लेबल नको होतं, रियलिझमचा राग येतो म्हणूनच ही कादंबरी लिहायला घेतली असं त्याने पत्रात लिहिलंय. चित्रकार कूर्बेने 1855 ला पॅरिसमध्ये स्वतःचा मांडव घालून त्यावर रियलिझमची पाटी लावली, आणि कॅटलॉगमध्ये म्हणाला की ही पदवी लोकांनी माझ्या गळ्यात मारली! त्यामुळे तुम्ही फ्लोबेरला वास्तववादी म्हणताय तिथूनच प्रश्न आहे. बोव्हारी पुस्तकरूपात आली 1857 ला, अनैतिक म्हणून भरलेल्या खटल्यातून सुटल्यावर. आपलं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' पण 1857 चंच, विधवांचे हाल मांडणारं, त्याला वास्तववादी म्हणायचं की धर्मप्रचार यावर वेगळा धागा निघेल.

कृष्णाकाठ: काढू नका.

खडूफळा: तुमचं वास्तववाद तरी बरं. आम्हाला एस. वाय. ला 'निसर्गवादावर टीप लिहा' आलं, मी डोंगर, झरे, बालकवी, दोन पानं भरून आलो. फ्रेंच कादंबरीकार झोला अपेक्षित होता, आनुवंशिकता आणि परिस्थिती माणसाला कशी घडवते वगैरे. भोपळा मिळाला. ज्याने नॅचरलिझमला निसर्गवाद केलं त्याला शोधतोय.

माजघर: 😂 पण मग काय म्हणायचं? प्रकृतिवाद?

गवतीचहा: त्यावर वात-पित्त-कफ लिहून येतील पोरं.

अडलेला_हरी: मंडळी, लेख मंगळवारी द्यायचाय. सध्या 'वास्तवाचं भान नाही' ठेवलंय, पण बायको म्हणते आता ती बेशुद्ध वाटते.

नागपुरी_संत्रं: खडूफळा, स्वभाववाद कसा वाटतो?