ऑटिझम, एकटे पालक आणि थेरपीचा खर्च : तुमचे अनुभव

रानजाई
काल डबा खाताना ऑफिसातल्या एका मुलीने हळूच विचारलं, ताई तुम्ही मुलाला ओटीला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला, कुठे नेत होतात? तिच्या अडीच वर्षांच्या भाच्याला ऑटिझम निघालाय आणि बहीण नवऱ्यापासून वेगळी राहते. नंबर दिला, पण रात्री झोपच लागेना, म्हणून लिहितेय.

लेक आता चौदाचा आहे. तो तीनचा होता तेव्हा माझा पगार बावीस हजार, पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या. डॉक्टर म्हणाले आठवड्याला तीन ओटी, दोन स्पीच थेरपी. एका सेशनचे सहाशे, तेही पाऊण तासाचे. महिन्याचे बारा हजार झाले, मग भाडं कशातून द्यायचं? आणि नुसत्या फीचा प्रश्न नव्हता. सेंटर दहा ते सहा, माझं ऑफिस दहा ते सहा. फी भरायची तर कामावर जायला हवं, सेशनला न्यायचं तर बिनपगारी रजा. दोघं असले की एक कमावतो, एक नेतो. एकट्या बाईने काय करायचं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

शेवटी ओटीच्या मॅडमना सरळ म्हटलं, आठवड्यातून एकदाच परवडतंय, बाकीचे दिवस घरी काय करू ते मला शिकवा. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. छताच्या हुकाला साडीची झोळी बांधून झोका द्यायचा, कणीक त्याच्याकडून मळून घ्यायची, तांदळाच्या डब्यात मणी लपवून शोधायला लावायचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे त्यानेच काढायचे. पेपरातल्या सेलच्या पुरवण्यांमधली चित्रं कापून कार्डं केली, दूध, पाणी, चप्पल, पंखा. स्वतःहून माझ्या हातात पहिलं कार्ड आणून दिलं ते पंख्याचं. मी पंखा लावला आणि तो हसला. थंडीचे दिवस होते, तरी रात्रभर पंखा चालू ठेवला मी.

तुम्ही कसं भागवलंत ते लिहा, तिच्या बहिणीला वाचायला देणार आहे.

भुईचाफा
पाटल्या मोडल्या. मग चेन. सोन्याचं काही वाटलं नाही गं, पण सासरचे म्हणाले आमच्या घराण्यात असं कुणी नाही, ते अजून टोचतं. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

दादरकर
निरामय काढलंय का सगळ्यांनी? केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, ऑटिझमला लागू, आधी मेडिकल टेस्ट लागत नाही. थेरपीचे पैसेही मिळतात, त्याला आतमध्ये वेगळी मर्यादा आहे. पण आधी आपण भरायचे, मग क्लेम, त्यामुळे हातात थोडे पैसे लागतातच. बिलावर शिक्का, सही आणि स्पीचवाल्यांचा आरसीआय (नोंदणी) नंबर आहे ना ते तिथल्या तिथे बघून घ्या, माझा एक क्लेम यावरूनच परत आला होता.

पिंपळपान
मी बाप आहे. बायको गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची. रिक्षा चालवतो, म्हणून वेळ माझ्या हातात, पण तिला न्यायचं त्या दिवशी धंदा निम्मा. आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये डीईआयसी, म्हणजे लहान मुलांचं सरकारी थेरपी केंद्र, आहे, तिथे फुकट थेरपी मिळते, अठरा वर्षांपर्यंत. अंगणवाडी तपासणीत आरबीएसकेच्या (मुलांच्या तपासणीची सरकारी योजना) डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून कळलं, नाहीतर कोण सांगतं. मधे तिथली स्पीच थेरपिस्टची जागा बरेच महिने रिकामीच होती. बाहेर सगळ्या आयाच बसलेल्या असतात, सुरुवातीला मी जिन्यात उभा राहायचो, मग त्यांनीच बोलावून जागा दिली आणि एकीने मुलीची वेणी घालायला शिकवली. आता दोन वेण्या येतात मला.
बालसंगोपन योजनेचा अर्ज करा, आई किंवा वडील एकच असतील तर मुलाला महिना २,२५० मिळतात. महिला व बालविकासच्या जिल्हा ऑफिसात जायचं. पैसे वेळेवर येत नाहीत पण येतात.

भुईचाफा
दोन वेण्या 😭 दादा, तुम्हाला नमस्कार.

आजी६४
मुलगी बँकेत आहे जावई सोडून गेले नातवाला मीच नेते, ठाण्याहून लोकलने, गाडी आली की हा दोन्ही कान दाबून खाली बसतो आणि लोक म्हणतात लाडावून ठेवलंय, आता दिव्यांगांच्या डब्यातून जातो आम्ही, कार्ड गळ्यातच घालते त्याच्या, माझे गुडघे पण गेलेत पण तो माझा हात धरून जिना चढतो म्हणजे कोण कोणाला नेतंय देव जाणे, आणि आजीच्या वेळेचे पैसे कुणी धरत नाही बरं का हिशोबात, मुलीला मी तेच सांगते की मी आहे तोवर रजा साठव

चहाबिस्किट
आजी 🙏 तुमच्या मुलीला सांगा इन्कम टॅक्समध्ये 80डीडी (दिव्यांग मुलाच्या खर्चासाठीची वजावट) घ्यायला, मी घेत आलेय. ७५ हजारांची वजावट, ऐंशी टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख. जुन्या टॅक्स रेजीममध्येच मिळते. केंद्र सरकारी नोकरीत कुणी असेल तर बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे, दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. प्रायव्हेटवाल्या आम्ही मात्र सिक लीव्ह टाकतो, हे बदलायलाच हवं.

सातपुडा
एक कळकळीची विनंती. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराच्या नादाला लागू नका कुणी. आम्हाला लाखांचं पॅकेज सांगितलं होतं, भाऊ शेत विकायला निघाला होता माझ्यासाठी. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या समितीने स्पष्ट सांगितलंय की ऑटिझमवर हा उपचार करू नये. एकटी आई दिसली की असले लोक बरोबर हेरतात, संताप होतो. शेत आहे अजून, यंदा सोयाबीन बरं आलंय.

दादरकर
भाव काय मिळाला?

सातपुडा
विचारू नका 😞

भुईचाफा
आले. मी नेटाने बीएड केलं आणि मुलाच्याच थेरपी सेंटरला दुपारी हिशेब लिहायला लागले, फीमध्ये सवलत मिळाली. लाज नाही वाटली मागायला. बऱ्याच सेंटरमध्ये पगार बघून फी कमी करतात पण बोर्डावर लिहिलेलं नसतं, विचारावंच लागतं. मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायरला ओटीचे विभाग आहेत, तिथे केसपेपरवर होतं. वांद्र्याला अली यावर जंग या सरकारी संस्थेत स्पीच.

गुळपोळी
माझा प्रश्न वेगळाच आहे, सॉरी. रानजाई, झोळीसाठी हूक कुठला? आमच्याकडे भाड्याचं घर, मालक खिळाही ठोकू देत नाहीत. मुलगी साडेपाचची, वजन एकोणीस.

रानजाई
आमच्या खोलीला जुनी पाळण्याची कडी होती गं स्लॅबमध्येच. नसेल तर मालकांना न विचारता काही करू नकोस. ब्लँकेटमध्ये बसवून दोन टोकं धरून फरशीवर ओढ, माझ्याकडे पावसाळ्यात झोळी ओली असली की तेच चालायचं. कणीक मात्र रोज मळायला लाव.
पिंपळपान दादा, ऑफिसातल्या त्या मुलीची बहीण सांगली बाजूला असते. डीईआयसीला कुठल्या वारी जायचं आणि कागद काय न्यायचे तेवढं लिहाल का?

पिंपळपान
वार प्रत्येक सिव्हिलचा वेगळा, केसपेपरच्या खिडकीवर विचारायचं. मुलाचं आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, आधीचे रिपोर्ट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सकाळी नऊच्या आत पोचायला सांगा, आणि पोरासाठी खाऊ बरोबर ठेवा. प्यासेंजर आलं, नंतर बोलतो.