हॅम्स्टरच्या पिंजऱ्यासाठी सोलापुरात मिळणारे कोणते नैसर्गिक साहित्य सुरक्षित असते?

प्रश्न – जुळे_सोलापूर

नमस्कार. मुलीच्या आग्रहाखातर आम्ही नुकताच एक सीरियन हॅम्स्टर घरी आणला आहे. दुकानदाराने सोबत सुगंधी भुशाची पिशवी दिली; परंतु ती उघडताच इतका उग्र वास आला की ती वापरण्याचे धाडस झाले नाही. घराजवळच्या लाकडाच्या वखारीत रंध्याच्या ढलप्या मिळतात, ओळखीच्या टॉवेल कारखान्यातून सुताचे मऊ वेस्ट मिळू शकते आणि मंगळवेढ्याजवळच्या आमच्या शेतात कडबा व डाळिंबाच्या छाटणीच्या फांद्या पडूनच असतात. हे सर्व साहित्य नैसर्गिक आहे. यांपैकी काय पिंजऱ्यात घालावे आणि काय टाळावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – भुईकोट

आपण विचारून मग साहित्य आणायचे ठरवले, हे फार चांगले झाले. वस्तू नैसर्गिक आहे एवढ्यावरून ती हॅम्स्टरसाठी सुरक्षित ठरत नाही. हा प्राणी अंथरुणावर नुसता झोपत नाही. तो त्यात बिळे खणतो, ते कुरतडतो, गालांतील पिशव्यांत भरून घरट्यापर्यंत नेतो आणि नाक त्याला लावूनच दिवसभर श्वास घेतो. म्हणून प्रत्येक वस्तू याच कसोटीवर पाहावी.

सर्वांत आधी सुताच्या वेस्टविषयी सांगतो, कारण आपल्या शहरात ते सहज मिळते आणि दिसायलाही मऊ, उबदार असते. ते कृपया अजिबात वापरू नका. त्यातील लांब, चिवट तंतू हॅम्स्टरच्या पायाला गुंडाळले गेले की तो सुटण्यासाठी ओढाताण करतो, तसतसा पीळ घट्ट होतो आणि पायाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. गिळलेले तंतू आतड्यात अडकतात, गालांतील पिशव्यांतही गुंततात. पिंजलेला कापूस आणि दुकानांत ‘हॅम्स्टरची गादी’ म्हणून मिळणारी कापसासारखी वस्तू यांनाही हेच लागू आहे. घरट्यासाठी बिनवासाचा, बिनछपाईचा टिश्यू पेपर पट्ट्या फाडून द्यावा. तो ओढला की तुटतो आणि ओला झाला की विरघळतो. आपण पट्ट्या एका कोपऱ्यात ठेवा. रात्रीतून तो त्या गालांत कोंबून नेईल आणि स्वतःचे घरटे स्वतःच रचेल.

वखारीतील ढलप्यांची अडचण वेगळी आहे. तिथे साग, बाभूळ, पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन आणि कधी प्लायवूड या सर्वांचा भुसा एकाच ढिगात पडतो. पाइन आणि देवदार यांच्या लाकडातील सुवासिक तेले व फिनॉल श्वसनमार्गाला त्रास देतात, प्लायवूडमध्ये डिंक व रसायने असतात आणि करवतीचा बारीक भुसा तर निव्वळ धूळच असते. लाकडाचेच बेडिंग हवे असेल, तर धूळ काढलेल्या अ‍ॅस्पेनच्या ढलप्या मागवाव्यात, अन्यथा कागदाचे बेडिंग घ्यावे. दुकानातून आणलेली सुगंधी पिशवी परत करावी, हे उत्तम.

थर मात्र भरपूर द्यावा. उत्तर सीरिया आणि दक्षिण तुर्कस्तानातील शेतांत या प्राण्याची बिळे 36 ते 106 सेंटिमीटर खोल आढळली आहेत. त्यामुळे घरी किमान 20 ते 25 सेंटिमीटर थर असावा, अधिक जमल्यास अधिकच बरा. उथळ तळ असलेल्या तारेच्या पिंजऱ्यात हे साधत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर – मोहोळचा_मळा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शेतातील साहित्यापुरती भर घालतो. डाळिंबाच्या फांद्या आणू नका. त्या झाडाच्या सालीत अल्कलॉइड असतात आणि आपल्या भागातील बागांवर औषधांच्या फवारण्या वारंवार होतात. त्याऐवजी परसातल्या, कधीही न फवारलेल्या पेरूची फांदी घ्यावी, ब्रशने घासून उकळत्या पाण्यात बुडवावी आणि कडक उन्हात आतपर्यंत वाळू द्यावी. कण्हेर आणि रुई कुंपणालाच असतात, त्यांची काडीसुद्धा चुकून येता कामा नये.

कडब्याची कुट्टी बेडिंग म्हणून मला पसंत नाही, कारण तिच्या कापलेल्या कडा धारदार असतात आणि धूळही फार उडते. ज्वारीचे कोवळे, हिरवे पोंगे तर कधीच देऊ नयेत; ते खाऊन जनावरे दगावतात, हे आपल्या घरच्यांना ठाऊक असेलच. मात्र न फवारलेले, बुरशी नसलेले ज्वारीचे किंवा राळ्याचे वाळके कणीस पिंजऱ्यात उभे खोचून पाहा. हॅम्स्टर ते खाली ओढतो, दाणा न दाणा सोलतो आणि साठवायला नेतो. बेडिंगमध्ये बिळे ढासळू नयेत म्हणून थोडे मऊ वाळके गवत मिसळता येते, पण माळावरचे कुसळी गवत नको. गालाच्या पिशवीत कुसळ रुतले, तर ते काढण्यासाठी पशुवैद्यकाकडेच न्यावे लागते.

जुळे_सोलापूर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. कापूस आणि वखारीचा विचार सोडून दिला आहे. उन्हाळ्याची काळजी मात्र वाटते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वरच्या मजल्यावर दुपारी बसवत नाही. गारव्यासाठी काही नैसर्गिक सोय करता येईल का?

उत्तर – भुईकोट

अवश्य करता येईल. कुंभाराकडून बिनरंगाचे, बिनचकाकीचे लहान मडके घ्यावे आणि ते आडवे ठेवावे. तोंड इतके रुंद असावे की गाल भरलेले असतानाही तो सहज आत जाईल. ते कोरडेच ठेवावे, कारण ओलाव्याने बेडिंगला बुरशी येते. शहाबादी फरशीचा एक तुकडाही फार उपयोगी पडतो. त्याच्या कडा घासून घ्याव्यात आणि तो बेडिंगवर न ठेवता थेट तळावर किंवा पक्क्या लाकडी पायांवर बसवावा. बेडिंगवर ठेवलेल्या जड वस्तूखाली हॅम्स्टर बीळ खणतो आणि ती खचली तर खाली चिरडला जातो. मडक्यालाही हाच नियम लावा.

तरीही चाळीस अंशांच्या दुपारी मडके आणि फरशी पुरणार नाहीत. खोलीच गार राहायला हवी, म्हणून त्या दिवसांत पिंजरा खालच्या मजल्यावरील सर्वांत थंड खोलीत, उन्हापासून दूर हलवावा आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवावी. तो अंग सैल सोडून पडून राहिला, हलेनासा झाला किंवा जोरात धापा टाकू लागला, तर त्याला ताबडतोब गार जागी न्यावे, बर्फाचे पाणी अंगावर न ओतता पशुवैद्यकांना फोन करावा.