अनुभव धागा: शेवटच्या वर्षाच्या पोरांचा रेझ्युमे

सोलापूरकरांनो, कॉलेजची मुलं आता रेझ्युमे करायला बसतील. जे रेझ्युमे वाचतात, तपासतात, टाइप करून देतात त्यांनी लिहावं. आत्मचरित्र नको, कामाचं तेवढं सांगा.

चिंचोळी एमआयडीसी, टेक्स्टाइल

सगळ्यात वरचं 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' उडवा. ते सगळ्यांचं सारखंच असतं. त्याजागी दोन ओळी: शिक्षण, कुठलं काम जमतं, कधीपासून येऊ शकता. 'टेरी टॉवेलची माहिती आहे' यातून काहीच कळत नाही. 'जीएसएम काढता येतं' (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) लिहा, पण मग प्रश्न येणारच: ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा टॉवेल किती वजनाचा? क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर, म्हणजे ४४१ ग्रॅम. इथं अडखळलात की बाकीच्या ओळींवरही शंका येते. प्रोजेक्ट चौघांचा असेल तर त्यातला तुमचा भाग कोणता ते लिहा. फॅक्टरी व्हिजिट म्हणजे अनुभव नव्हे. इंटर्नशिप केली असेल तर किती आठवडे, कुठला विभाग, रोज हातात काय काम होतं, हे हवं.

नवी पेठ, अकाउंट्स

वरच्याला अनुमोदन. बी.कॉम.वाले 'टॅली येतं' लिहून मोकळे होतात. नुसती व्हाउचर एन्ट्री येते, की बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आपल्या नोंदींशी जुळवणंही? जीएसटी लिहिलंत तर जीएसटीआर-१ मध्ये विक्रीचा तपशील जातो आणि जीएसटीआर-३बी म्हणजे कर भरायचं सारांश विवरण, एवढं तोंडपाठ हवं.

आणि घरच्या दुकानात गल्ल्यावर बसत असाल तर लिहा की! पोरं नेमकं तेच लपवतात. रोज साधारण किती बिलं, स्टॉकची नोंद कशात, उधारीची वही कोण सांभाळतं, हे खऱ्या आकड्यांसह एका ओळीत आलं तर फ्रेशरसाठी तो चांगला अनुभव आहे. फक्त स्वतःला 'मॅनेजर' म्हणवून घेऊ नका.

एक वाचक

लग्नाचा बायोडेटा वेगळा, हा वेगळा. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, उंची, आधार क्रमांक, खाली 'वरील माहिती खरी आहे' आणि सही: सगळं काढा. निम्मं पान तिथंच मोकळं होतं.

प्लेसमेंटचं काम बघणारी

सीजीपीए लिहिताना किती पैकी ते लिहा. टक्के मागितले तर आपल्या विद्यापीठाचंच सूत्र वापरा, सरसकट ९.५ ने गुणू नका. सोलापूर विद्यापीठाचं नाव २०१९ मध्ये बदललं, म्हणून गुणपत्रकावर आहे तसं पूर्ण नाव घाला. बॅकलॉग (राहिलेला विषय) असेल आणि फॉर्ममध्ये विचारला असेल तर खरं लिहा, कागदपत्रं बघताना तो सापडतोच.

भाषांचा रकाना आपली पोरं वाया घालवतात. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि रेझ्युमेत फक्त मराठी, हिंदी, इंग्रजी! हैदराबाद, विजयपूरच्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलायचं काम असेल तिथं हीच ओळ वजनदार. 'बोलता येते' आणि 'लिहिता-वाचता येते' मात्र वेगळं दाखवा.

सात रस्ता, डीटीपी

माझं तांत्रिक. ए-४, एकच पान, समास २ सेंटिमीटर, मजकूर ११ पॉइंट, नाव १६. मराठीत असेल तर युनिकोडच वापरा. कृतिदेवची वर्ड फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. पाठवताना पीडीएफ. वर्डची फाइल मोबाइलवर उघडली की टेबलं सरकतात.

दोन रकान्यांची, कौशल्यांपुढे तारे आणि पट्टे असलेली टेम्पलेट पोरांना फार आवडतात. नोकरीच्या पोर्टलची काही सॉफ्टवेअर डावा-उजवा मजकूर कालवून टाकतात आणि पट्ट्यांतून त्यांना काहीच वाचता येत नाही. तपासायचं सोपं: पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम बिघडला तर टेम्पलेट बदला. काहीच पेस्ट झालं नाही तर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो आहे.

मित्राच्या फाइलवर नाव बदलून काम भागवत असाल तर ईमेल, मोबाइल आणि खालची तारीखही बघा, तेवढं हमखास मित्राचंच राहतं. आणि दुकानातून निघताना व्हॉट्सॲप वेब लॉगआउट करा, डाउनलोडमधली फाइल डिलीट करा. तुमचा नंबर, पत्ता त्यात असतो.