पावसाळ्यात दोन्हीकडे नॉबी? मला अजिबात पटत नाही

सड्याखालचा
"कोकणात ट्रेल बाइक घेतलीत की कंपनीचे टायर पहिल्याच दिवशी काढा आणि दोन्हीकडे पूर्ण नॉबी, म्हणजे उंच गट्ट्यांचे चिखलाचे टायर, घाला, नाहीतर जूनमध्ये आपटलातच." परवा एकाने हे छातीठोक लिहिलं आणि त्याखाली तीन नवीन पोरं दुकानांचे पत्ते विचारतायत. त्यांच्यासाठी हे सविस्तर.

मी राजापूर-लांजा भागात एक्सपल्स 200 ही ट्रेल बाइक चालवतो. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18. पावसाळ्यात माझ्या दहा किलोमीटरांतले आठ ओल्या डांबरावरचे. गट्टे जितके उंच आणि विरळ, तितकं रबर रस्त्याला कमी टेकतं. वळणात गाडी कलली की गट्टा मुडपतो. दोन वर्षांपूर्वी मीही दोन्हीकडे नॉबी घातले होते. चिरेखाणीतले ट्रक जिथून रस्त्याला लागतात, तिथे डांबरावर लाल चिखलाचा पातळ लेप बसतो, रिमझिम पडली की त्याचा साबण होतो. पुढचं चाक गेलं ते कळेपर्यंत मी गटारात होतो. कॉलरबोन मोडलं. त्या वर्षी आमची लावणी शेजाऱ्यांनी केली.

आणि शेवाळलेला जांभा? हिरव्या कातळावर गट्टा रुतणार कशात? तिथे धरतं ते मऊ रबर आणि त्यावरचे बारीक काप. टायर घेताना आधी साइडवॉलवरचे चार आकडे बघा. 1823 म्हणजे 2023 सालचा 18वा आठवडा. मला एका दुकानदाराने पाच वर्षांचा जुना टायर नवा म्हणून दिला होता, रबर नखाने दाबलं तरी दबत नव्हतं.

व्हाळापलीकडे
तुमचे दहातले आठ डांबरावर, माझे दहातले तीन. आमच्या वाडीत रस्तोच नाय. ओढ्यावरचा साकव ओलांडला की दीड किलोमीटर मळ्यातून, बांधाकडेने. कंपनीच्या टायरच्या खाचा पहिल्या पन्नास पावलांत भरतात, मग टायर कसला, लाटणंच फिरतं. गेल्या जुलैत बाबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा मागे बसवून, भावाने धरून, त्याच वाटेने काढलं. मागे नॉबी होता म्हणून डॉक्टरपर्यंत पोचलो. तेव्हा "अजिबात पटत नाही" हे डांबरावर राहून लिहू नका.

घाटउतार
दोघेही हवेबद्दल बोलत नाही आहात. चिखलात हवा थोडी कमी केली की साधा टायरही पसरून धरतो. मी करूळ घाट वर्षभर चढ-उतार करतो, टायरपेक्षा हवेने जास्त फरक पडलेला पाहिलाय.

पंक्चरपेटी
हवा कमी करायला सांगणाऱ्यांनी निदान पूर्ण सांगा. आपल्याकडे ट्यूब आहे. कमी हवेत जांभ्याच्या धारेवर चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. परातीत पाण्याखाली धरा, शेजारी शेजारी दोन बुडबुड्यांच्या रांगा निघतात. साप चावल्यासारखी दोन भोकं. हे मी गेल्या पावसात चार वेळा चिकटवलं. शिवाय हवा फार कमी असली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. ते चिकटत नाही. हवा कमी केलीत तर पंप सोबत ठेवा आणि डांबर लागलं की परत भरा.

दांडगाई200
एवढी चर्चा कशाला? नॉबी घाला आणि रविवारी सड्यावर, वरच्या जांभ्याच्या पठारावर, या. आम्ही सहा जण जातोय. मोकळा कातळ, मध्ये पाणी, कोणाचं शेत नाही, कोणी ओरडत नाही. टायर तिथेच कळतो.

देवगडवाली
कोणी ओरडत नाही म्हणून मी ओरडते. सडा मोकळा नाही. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, एका चाकाच्या वळणात ती माती कातळापासून सोलून निघते. आणि कातळशिल्पं? कशेळीचा हत्ती लांबीला सुमारे 18 मीटर आहे, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, आणि रेघा जेमतेम काही बोटं खोल. कोकणातल्या अशा 9 जागा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. नोंद न झालेली अजून किती असतील! तुमचा गट्टा कशावरून जातोय ते उभं राहून कळत नाही, सकाळच्या तिरक्या उन्हात बसून बघावं लागतं.

दांडगाई200
म्हणजे आता गाडी पण चालवायची नाही? चिरेखाणी अख्खे सडे कापून नेतात, दिवसाला ट्रक भरून. त्यांना बोला आधी.

देवगडवाली
त्यांनाही बोलते. ग्रामसभेत उभी राहून बोलले, त्याचे परिणाम भोगले. खाण आहे म्हणून तुम्हाला परवाना मिळत नाही.

सड्याखालचा
मी सड्याखालीच राहतो, म्हणून बोलतो. आमच्या वरच्या सड्यावर बारवेच्या जवळ एक कोरलेला मासा आहे. लहानपणी आम्ही त्यावर गोट्या खेळायचो, काय आहे ते माहीत नव्हतं. आता त्याच्या शेपटीवरून गाडीची काळी रेघ गेलीय. कोणाची, माहीत नाही. पुसायला गेलो तर जांभ्याचा पापुद्राच हातात आला.

दांडगाई200
मासा आहे हे कोणी सांगितलंच नाही कधी. बोर्ड नाही, दोरी नाही. ठीक आहे, रविवारी गाड्या डांबरावरच लावतो, वर चालत जाऊ. पण चिखल कुठे खेळायचा ते तरी सांगा.

व्हाळापलीकडे
आमच्या वाटेवर या. पावसात दोन गोणी खत साकवापलीकडे पोचवायची असतात, पुरेसा चिखल मिळेल.

आणि सड्याखालचे, टायरचं राहिलंच की.

सड्याखालचा
तुमच्या वाटेचं ऐकून एवढं मान्य: ज्याच्या घराला रस्ता नाही त्याने मागे नॉबी घालावा. पुढे नाही. ब्रेकचा भार पुढच्या चाकावर, ओल्या डांबरावर तेच आधी सुटतं.

व्हाळापलीकडे
मळ्यात पुढचं चाक खाचरात घसरलं की मागचा कितीही ओढू दे, गाडी आडवी. मी पुढेही नॉबीच ठेवणार, आणि साकवापासून तिठ्यापर्यंतचे ते तीन किलोमीटर तीसच्या वर जाणार नाही.

पंक्चरपेटी
तीसच्या वर गेलात तरी पंप घेऊन जा.